डिझेल ‘परवडतं’, पण नेमकं कोणाला?

“डिझेल घे. ॲव्हरेज देतं, पिकअप आहे, इंजिन मरत नाही.”

घरात गाडी घ्यायचा विषय निघाला की ही तीन वाक्यं कुठल्या तरी काकांच्या, नाहीतर मामांच्या तोंडून येतातच. गेली काही वर्षं त्यांच्या जोडीला रील्समधून एक नवं रडगाणं ऐकू येतंय. डिझेल इंजिनं सरकारनं मारली, कंपन्यांनी दगा दिला, खरी गाडी आता मिळतच नाही, आणि जुनी एखादी मिळाली तर डोळे झाकून घ्या. काका साठीचे, रीलवाला पंचविशीचा. श्रद्धा मात्र एकच.

माझं म्हणणं असं की रोजच्या घरगुती गाडीत डिझेल मुळात स्वस्त नव्हतंच. त्याचं निम्मं बिल वर्षानुवर्षं दुसरंच कोणीतरी भरत होतं. आधी सरकारी तिजोरीनं भरलं आणि सोबत रस्त्याकडेला राहणाऱ्यांच्या फुप्फुसांनी. ज्या दिवशी ते पूर्ण बिल गाडीमालकाच्या हातात आलं, त्या दिवशी बाजारातून छोटं डिझेल उठलं. कट वगैरे शोधायची गरजच नाही.

हे म्हणताना डिझेलच्या तंत्राला नावं ठेवायची नाहीत. उलट ते तंत्र पेट्रोलवाल्यांना वाटतं त्यापेक्षा बरंच हुशार आहे, आणि त्याची बाजू नीट मांडल्याशिवाय पुढे गेलो तर काका मला उभं राहू देणार नाहीत.

पेट्रोल इंजिन हवा आणि इंधनाचं मिश्रण साधारण दहा-अकरा पट दाबतं आणि मग स्पार्क प्लगनं पेटवतं. यापेक्षा फार दाबलं तर मिश्रण वेळेआधीच पेटतं आणि इंजिन ‘नॉक’ करायला लागतं. डिझेलमध्ये ठिणगीच नसते. नुसती हवा सोळा ते अठरा पट दाबायची, ती इतकी तापते की त्यात इंधनाचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. जितकं जास्त दाबाल तितकं त्याच उष्णतेतून जास्त काम निघतं. दुसरी गोष्ट फार कोणी सांगत नाही. पेट्रोल गाडीत तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा हवेच्या वाटेवरची एक झडप उघडत असता. हळू चालवताना ती झडप जवळजवळ बंद असते आणि इंजिनाला बारीक स्ट्रॉमधून घट्ट लस्सी ओढल्यासारखी हवा ओढावी लागते. त्यातच बरीच ताकद वाया जाते. डिझेलला वेग कमी-जास्त करायला अशी झडप लागत नाही. हवा मोकळी येते, फक्त इंधनाचा फवारा कमी-जास्त होतो. म्हणून रेंगाळत चालणाऱ्या गाडीतही डिझेल कमी पितं. काकांचं ॲव्हरेज खोटं नाही.

पिकअपचंही तसंच. ह्युंदाई क्रेटा घ्या, कारण एकाच गाडीत दोन्ही इंजिनं मिळतात आणि दोन्ही दीड लिटरची आहेत. साध्या पेट्रोलची कमाल ताकद ११५ पीएस, डिझेलची ११६ पीएस. म्हणजे कागदावर बरोबरी. पण टॉर्क, म्हणजे चाकाला पिळ देणारा जोर, पेट्रोलचा १४४ न्यूटन-मीटर आणि तोही ४,५०० आरपीएमला. डिझेलचा २५० न्यूटन-मीटर, आणि तो १,५०० पासूनच हजर. पेट्रोल इंजिन सहा हजारांवर किंचाळायला लावलंत तर तेही तितकीच ताकद काढून देईल. पण मागच्या सीटवर आई बसलेली असताना सहा हजार आरपीएमला गाडी कोण नेतं? आपण दीड ते तीन हजारांत गाडी चालवणारी माणसं. त्या पट्ट्यात डिझेल दांडगं असतं.

पाच माणसं, डिकीत बॅगा, एसी चालू आणि समोर खंबाटकीचा घाट. साधी पेट्रोल गाडी तिथे दुसरा गिअर मागते आणि वर पोचेपर्यंत कुरकुरते. डिझेल तिसऱ्यात निवांत चढतं. पुढे महाबळेश्वरला गेलात तर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर हवा दहा-बारा टक्के विरळ होते. टर्बो नसलेल्या पेट्रोलची ताकद जवळपास तितकीच घटते, टर्बो असलेलं डिझेल ती तूट बरीचशी भरून काढतं. हे सगळं मान्य. ज्यानं भरलेली गाडी घेऊन दर आठवड्याला घाट चढायचा, त्याला डिझेलशिवाय करमणार नाही हेही मान्य.

प्रश्न एवढाच की आपल्यातले किती जण दर आठवड्याला घाट चढतात?

गाडी निवडताना आपण वर्षातल्या त्या दोन ट्रिपा डोळ्यांसमोर ठेवतो. कोकणातलं गाव आणि मे महिन्यातलं महाबळेश्वर. उरलेले साडेतीनशे दिवस ती गाडी कोथरूड ते हिंजवडी नाहीतर ठाणे ते ऐरोली करत असते, आत एकच माणूस, गिअर पहिला-दुसरा. तिथे २५० न्यूटन-मीटरचं करायचं काय? बरं, छोट्या डिझेलचा तो प्रसिद्ध जोर टर्बो जागा झाल्यावर यायचा. ज्यांनी १.३ लिटरची डिझेल स्विफ्ट चालवलीय त्यांना २,००० आरपीएमच्या खालची ती झोप आठवत असेल. सिग्नल सुटतो, तुम्ही दाबता, काही होत नाही, मागचा हॉर्न मारतो, आणि मग एकदम गाडी उसळते. याला पिकअप म्हणायची पद्धत आपल्याकडेच पडली असावी. आता तर एक लिटरची टर्बो पेट्रोल इंजिनंही १,५०० आरपीएमपासून १७० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर देतात. जोरापुरता डिझेलचा जुना मक्ता संपलेला आहे.

आता ॲव्हरेजकडे येऊ. इथे एक गंमत आहे, आणि ती शाळेत शिकवायला हवी होती असं मला नेहमी वाटतं.

‘एका लिटरला किती किलोमीटर’ हे माप दोन वेगवेगळ्या द्रवांना लावणं म्हणजे एक लिटर दूध आणि एक लिटर ताक सारखंच मानून कोणतं पोट जास्त भरतं ते विचारणं. डिझेल जड असतं. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा आणि त्याहून थोडा जास्तच कार्बन असतो. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेल जळलं की सुमारे २.६५ किलो. क्रेटाचे कंपनीचे आकडे घेतले तर साधं मॅन्युअल पेट्रोल १७.४ आणि मॅन्युअल डिझेल २१.८ किलोमीटर. लिटरच्या मापानं डिझेल २५ टक्के पुढे. तेच किलोमीटरमागे निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये मोजलं तर पेट्रोल १३३ ग्रॅमच्या आसपास आणि डिझेल १२२. २५ टक्क्यांचा रुबाब ८-९ टक्क्यांवर आला. इंजिन सरस आहे, पण जेवढं आपण ऐकत आलो तेवढं नाही. बाकीचा फरक लिटर या भांड्याचा आहे.

पंपावर मात्र आपण लिटरच विकत घेतो, असं काका म्हणतील. बरोबर. म्हणून लिटरचा भाव कोण ठरवत होतं ते बघू.

जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. डिझेलचे झाले ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधली चार वर्षं ही आपल्या ‘डिझेलच परवडतं’ या धर्माचा सुवर्णकाळ. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांच्या वर गेलं आणि डिझेल ४१ च्या आत होतं. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक! त्यात डिझेलचं ॲव्हरेज जास्त. गाडी लाखभर रुपयांनी महाग असली तरी तीस-पस्तीस हजार किलोमीटरमध्ये वसूल. ज्यांनी तेव्हा डिझेल घेतलं ते अजिबात मूर्ख नव्हते. समोर पडलेल्या आकड्यांवर त्यांनी अचूक निर्णय घेतला. २०१२-१३ च्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक प्रवासी गाड्या डिझेलच्या झाल्या होत्या, त्या उगीच नाही.

पण तो भाव खरा नव्हता. तेल कंपन्या डिझेल तोट्यात विकत होत्या आणि तो तोटा सरकार आणि सरकारी तेल कंपन्या मिळून सोसत होत्या. एकट्या २०१२-१३ या वर्षात डिझेलपोटी ही तूट ९२ हजार कोटी रुपयांच्या घरात होती. हे सगळं कोणाच्या नावावर चाललं होतं? शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या, एसटीच्या आणि ट्रकच्या. ट्रॅक्टरला मिळणारं स्वस्त डिझेल त्याच नोझलमधून बंगल्यासमोरच्या एसयूव्हीतही पडत होतं. अर्थतज्ज्ञ किरीट पारीख यांच्या समितीनं २०१० मध्येच सांगितलं होतं की डिझेलचे दर मोकळे करा आणि डिझेल कारवर ८० हजार रुपयांचा जादा अबकारी कर लावा, म्हणजे या सवलतीची थोडी तरी भरपाई होईल. तो कर लागला नाही. दुचाकीत पेट्रोल भरणारा डिलिव्हरी बॉय पूर्ण भाव देत राहिला आणि त्याच पंपावर शेजारी उभ्या असलेल्या पंधरा लाखांच्या गाडीला सवलत मिळत राहिली. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त चीड कशाची येत असेल तर याची. ‘परवडतं’ हा शब्द आपण किती सहज वापरला! स्कूटरवाल्याच्या करातून आपल्या गाडीची टाकी भरत होती आणि आपण त्याला स्वतःची हुशारी म्हणत होतो.

त्या काळात कंपन्यांनाही वेड लागलं होतं. पुण्याजवळच्या रांजणगावात बनणारं फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट इंजिन टाटाच्या गाडीत, फियाटच्या गाडीत. तेच परवान्यानं मारुती बनवून स्विफ्ट-डिझायरमध्ये घालायची. १,२४८ सीसीचं ते इंजिन म्हणजे जणू राष्ट्रीय डिझेल इंजिनच होतं. होंडासारख्या पेट्रोलसाठी नावाजलेल्या कंपनीला २०१३ मध्ये अमेझसाठी डिझेल आणावं लागलं. आणि २०१५ मध्ये मारुतीनं सेलेरिओमध्ये ७९३ सीसीचं, दोन सिलिंडरचं, ४७ पीएसचं डिझेल इंजिन बसवलं. ते कसं हादरायचं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच ठाऊक. भाजी आणायच्या गाडीत डिझेल इंजिन घालावंसं वाटणं हे कुठल्याही अभियांत्रिकीचं फळ नव्हतं. ते केवळ त्या ३२ रुपयांच्या फरकाचं फळ होतं. दर मोकळे झाल्यावर दोनेक वर्षांत ती गाडी बंद पडली. जून २०२० मध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं.

दुसरं बिल हवेचं. ते समजायला थोडं रसायन लागतं, पण कंटाळू नका.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचं प्रमाण अगदी काट्यावर राखलं जातं. त्यामुळे सायलेन्सरच्या वाटेवर एक थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवला की कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हे तिन्ही एकाच डब्यात बऱ्यापैकी साफ होतात. डिझेलमध्ये हवा नेहमी गरजेपेक्षा जास्त असते. ज्या गुणामुळे ते कमी पितं, त्याच गुणामुळे तो डबा तिथे नायट्रोजनच्या ऑक्साइडवर चालत नाही. वर फवाऱ्यातल्या थेंबांच्या गाभ्यात हवा नीट पोचत नाही, म्हणून काजळी तयार होते. म्हणजे डिझेल साफ करायचं तर काजळीसाठी वेगळा फिल्टर आणि ऑक्साइडसाठी वेगळी यंत्रणा लागते, आणि दोन्ही महाग.

मग आपण काय केलं? नियमच सैल ठेवले. बीएस-४ मध्ये पेट्रोल कारला किलोमीटरमागे ०.०८ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडायची मुभा होती, डिझेल कारला ०.२५ ग्रॅम. तिपटीहून जास्त! जून २०१२ मध्ये, म्हणजे नेमकं डिझेलचं पीक जोमात असताना, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं डिझेलचा धूर मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकला. पेट्रोलचा धूर त्याच वेळी ‘शक्यता आहे’ या खालच्या गटात होता. आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्या वर्षी यावर चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. झाली ती ॲव्हरेजचीच.

“आपल्याकडे नियम सैल, युरोपात बघा, तिथे सगळे डिझेल चालवतात,” हाही एक आवडता युक्तिवाद होता. सप्टेंबर २०१५ मध्ये तो फुटला. फोक्सवॅगननं जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांमध्ये असं सॉफ्टवेअर घातलं होतं, जे चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरती गाडी साधू बनवायचं. रस्त्यावर त्यातल्या काही गाड्या मर्यादेच्या चाळीस पटीपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. भारतातही ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २०१८ मध्ये हॅम्बुर्गनं जुन्या डिझेल गाड्यांना दोन रस्त्यांवर बंदी घातली, आणि तीही डिझेल इंजिनाच्या मायदेशात. ज्या युरोपात तेव्हा दोनातली एक नवी गाडी डिझेल असायची, तिथे आता दहातली जेमतेम एखादी असते. तिथल्या डिझेललाही मोदी सरकारनं किंवा नितीन गडकरींनी मारलं, असं रीलवाल्यांचं म्हणणं आहे का ते एकदा विचारायला हवं.

१ एप्रिल २०२० ला आपल्याकडे बीएस-६ आलं. डिझेलची ०.२५ ची मुभा ०.०८ वर आली, काजळीची मर्यादा पाचपटीहून जास्त घट्ट झाली. इंजिनाला प्रथमच स्वतःची घाण स्वतः उचलायला सांगितलं गेलं, आणि तो खर्च छोट्या गाडीच्या किमतीत मावेना. मारुतीचं उदाहरण बोलकं आहे. मार्च २०१९ मध्ये त्यांनी सियाझमध्ये स्वतः घडवलेलं नवंकोरं दीड लिटरचं डिझेल आणलं आणि पुढच्याच महिन्यात जाहीर केलं की एप्रिल २०२० पासून आम्ही डिझेल गाड्या विकणार नाही. नवजात इंजिनाची पुण्यतिथी बारशाआधीच ठरली. आज देशात विकल्या जाणाऱ्या पाच प्रवासी गाड्यांत डिझेलची जेमतेम एक, आणि तीही बहुतेक मोठी एसयूव्ही.

आता जे बीएस-६ डिझेल मिळतं ते खरोखर स्वच्छ आहे, बीएस-४ शी त्याची तुलनाच नाही. पण त्याला स्वच्छ ठेवायची अट शहरी माणसाच्या जगण्याशी जुळत नाही. सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाचा काजळीचा फिल्टर असतो. तो भरत आला की गाडी जास्तीचं इंधन वापरून त्याचं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत नेते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं एकसारखं, जरा वेगानं चालणं लागतं. तुम्ही रोज चार किलोमीटर ऑफिस आणि चार किलोमीटर परत, मध्ये नऊ सिग्नल. जाळायला सुरुवात होते, तुम्ही पार्किंगमध्ये शिरून चावी काढता. असं पुन्हापुन्हा झालं की डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी ताकद कमी करते, आणि अर्धवट जळालेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं. मग सर्व्हिस सेंटरवाला सल्ला देतो, “साहेब, आठवड्यातून एकदा हायवेला फिरवून आणत जा.” म्हणजे डिझेल वाचवायला घेतलेली गाडी साफ ठेवायला डिझेल जाळत फिरायचं. कुत्रा परवडला, तो निदान शेपूट तरी हलवतो.

पैशांचा हिशेब फोनवर दोन मिनिटांत होतो, तो प्रत्येकानं स्वतःच्या आकड्यांनी करावा. मी माझे आकडे धरतो. पेट्रोल १०४ रुपये, शहरात ॲव्हरेज १३, म्हणजे किलोमीटरला ८ रुपये. डिझेल ९१ रुपये, ॲव्हरेज १७, म्हणजे ५ रुपये ३५ पैसे. बचत २ रुपये ६५ पैसे. डिझेल गाडी शोरूमलाच दीड लाखानं महाग धरा. वर महाराष्ट्रात डिझेलवरचा एकरकमी वाहन कर पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त, तोही वाढलेल्या किमतीवर. विमा थोडा जास्त. रस्त्यावर येईपर्यंत फरक दोन लाखांचा झाला. तो वसूल व्हायला ७५ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला दोन हजार चालणाऱ्याचे तीन-सव्वातीन वर्षांत सुटतात, त्यानं डिझेल जरूर घ्यावं. महिन्याला सहाशे चालणाऱ्याला साडेदहा वर्षं लागतात. त्यात कर्जाचं व्याज धरलेलं नाही, महाग इंजेक्टर आणि डीपीएफचं दुखणंही नाही. दहा वर्षांत गाडीच बदललेली असते.

आता पेट्रोलवाल्यांनी टाळ्या वाजवायचं कारण नाही. टर्बो पेट्रोलची जाहिरात बघून घेणाऱ्यांना तिचं ॲव्हरेज पायाच्या वजनावर किती नाचतं ते पहिल्या महिन्यात कळतं. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश, म्हणजे मिश्रणाच्या लिटरमध्ये सहा-सात टक्के कमी. भाव मात्र तेवढा कमी झालेला नाही. काही इथेनॉल उसातून येतं, ऊस पाणी पितो, आणि मराठवाड्यात ते पाणी कुठून येतं हा वेगळा लेखच होईल. शहरातल्या रेंगाळणाऱ्या गर्दीत आज डिझेलला खरी टक्कर देतं ते साधं पेट्रोल नव्हेच, तर स्ट्राँग हायब्रिड. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या गाड्यांच्या हायब्रिडचा चाचणीतला आकडा २७.९७ किलोमीटर आहे. सिग्नलला इंजिन बंद, ब्रेक मारला की वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत. ज्या सरकारनं छोट्या डिझेलला दीड लिटरपर्यंत आणि छोट्या पेट्रोलला मात्र १.२ लिटरपर्यंतच करात सवलत दिली, त्यानं हायब्रिडवर वर्षानुवर्षं मोठ्या गाड्यांच्या जवळपास जाणारा कर लावला. डिझेलचा लाड करायची सवय सुटली, पण जागी शहाणपण आलं असं नाही.

आणि आता तुमच्या वयाच्या लोकांशी थेट बोलतो, कारण जुन्या डिझेलचं गिऱ्हाईक आता तुम्ही आहात. पहिली नोकरी, हातात तीन-चार लाख, आणि बाजारात बीएस-४ च्या डिझेल गाड्या भरपूर. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेलवरून २०१५ पासून कोर्टकचेऱ्या चालू आहेत, त्यामुळे तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत उतरतात आणि स्वस्तात दिसतात. त्यावर कोणी सांगतो, स्टेज वन रिमॅप कर, वीस टक्के ताकद वाढते. बीएस-६ घेतली असेल तर, डीपीएफ काढून टाक, कटकट मिटेल. गॅरेजवाले हे करून देतात, त्याचे व्हिडिओ अभिमानानं टाकतात. मागे निघणारा काळा ढग कॅमेऱ्यात छान दिसतो. त्या ढगात मागच्या दुचाकीवर पुढे उभं केलेलं चार वर्षांचं पोर असतं, ते फ्रेममध्ये येत नाही. पीयूसी निघते ना, असं उत्तर मिळतं. पीयूसीत डिझेलच्या धुराचा नुसता काळेपणा मोजतात. नायट्रोजनचे ऑक्साइड तिथे मोजलेच जात नाहीत, त्यामुळे ते प्रमाणपत्र म्हणजे काच पुसून चष्म्याचा नंबर तपासल्यासारखं आहे. फिल्टर कापणं बेकायदाही आहे. पण ज्याला ते पोर दिसत नाही त्याला कलम काय दिसणार.

तरीही कुणाला जुनी डिझेल घ्यायचीच असेल, कारण गाव लांब आहे, दर शनिवारी जायचं असतं, चालणं खरंच दीड-दोन हजार आहे, तर विकणाऱ्याला ॲव्हरेज विचारू नका. ती गाडी आधी रोज कुठे जायची ते विचारा. शहरात दहा वर्षं रखडलेलं डिझेल आणि सोलापूर-पुणे मारलेलं डिझेल ही एकाच मॉडेलची दोन वेगळी इंजिनं असतात. मीटरवर जास्त किलोमीटर असलेली दुसरी गाडी पुष्कळदा जास्त धडधाकट निघते. गाडी थंड असताना जा, आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. ऑइलची काडी बाहेर काढून पातळी बघा. ती वरच्या खुणेच्याही वर असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर किंमत कितीही कमी असो, काडी परत आत घाला आणि रिक्षा करून घरी या.